घरच्या माणसाला एकट्याने सांभाळताना पुण्यात आधार कुठे मिळतो?

मृण्मयी_स (बुधवार, रात्री १:२०)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मावशी ७८ वर्षांची आहे. लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं, आणि आई गेल्यावर मला नि दादाला वाढवलं. २०२२ मध्ये दिवाळीच्या तोंडावर तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय व्यायामाने बराच परत आला, घरातल्या घरात काठी घेऊन चालते. हात नाही आला. गेल्या वर्षीपासून विसरायला लागली. डॉक्टरांनी व्हॅस्क्युलर डिमेन्शिया सांगितला, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडून येणारा स्मृतिभ्रंश. सिंहगड रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघीच राहतो. जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. दादा बंगळुरूला. मी घरून काम करते, त्यामुळे "तू काय, घरीच असतेस" हे कोणी ना कोणी रोज ऐकवतं.

दवाखान्यातून सोडलं तेव्हा हातात फाइल आणि गोळ्यांची चिठ्ठी दिली. कुशीवर कसं वळवायचं, भरवताना ठसका लागला तर काय करायचं, यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नाही. देखभालीला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून तीन बायका आल्या नि गेल्या. तिसरी न सांगता गेली. त्या दिवशी मी मीटिंगमध्ये होते आणि मावशी अर्धा तास बाथरूममध्ये ओल्या कपड्यांत बसून होती. ऑफिसात रजा मागितली तर फॉर्मवर आई, वडील, जोडीदार, मुलं एवढेच रकाने. मावशीला रकाना नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. दुपारचे साडेचार-पाच झाले की ती डाव्या हातात पिशवी घेऊन दाराशी जाते. "शाळेला उशीर होतोय, दार उघड." मी समजावते, ती चिडते. मागच्या मंगळवारी तिने काठी उगारली आणि मी तिचं मनगट धरलं. किती जोरात धरलं ते मला कळलं नाही. रात्री गाऊन बदलताना पाहिलं, तर तिच्या मनगटावर माझ्या चार बोटांचे काळेनिळे वळ होते. तिने विचारलं, "हे कशानं झालं गं?" मला उत्तर देता आलं नाही.

मला मदत हवी आहे आणि ती कुठे मागायची तेच कळत नाही. पुण्यात कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

केतकी_र (बुधवार, सकाळी ६:४५)

मृण्मयी, वाचलं. सासूबाईंना सहा वर्षं सांभाळलं आहे, त्यामुळे त्या वळांबद्दल तू कोणत्या जिवाने लिहिलं असशील ते कळतंय. आत्ता डब्यांची घाई आहे, पण एक लगेच सांगते. रात्री एक वाजता जेव्हा असं घेरून येतं तेव्हा १४४१६ लाव. टेली-मानस, सरकारी आहे, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. फक्त रुग्णांसाठी नाही, तुझ्यासाठी पण आहे. मी लावला होता. पलीकडच्या बाईंनी मला वीस मिनिटं नुसतं बोलू दिलं.

वॉर्डातली_ताई (बुधवार, दुपारी ३:१०)

अठरा वर्षं नर्स आहे, त्यातली बरीच न्यूरो वॉर्डात. क्रमाने लिहायला जमणार नाही, सुचेल तसं सांगते.

वळांचं आधी. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ होते, आणि झटक्यानंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या बहुतेकांना असतात. त्यामुळे थोड्या दाबानेही मोठा डाग उठतो. तरी डॉक्टरांना दाखवा आणि कसं झालं ते खरं सांगा. ते तुमच्यावर ओरडणार नाहीत, उलट तुम्ही किती थकला आहात ते त्यांना समजेल. पुन्हा कधी हात उचलला जाईल असं वाटलं तर काठी बाजूला करा, त्यांना खुर्चीत बसवा आणि सरळ स्वयंपाकघरात जा. पाच मिनिटं. दाराला आतून वरची कडी असली की त्या पाच मिनिटांत काही होत नाही.

संध्याकाळची ही अस्वस्थता डिमेन्शियात अगदी नेहमीची आहे, सनडाउनिंग म्हणतात. अंधारून यायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा, पडदे ओढा. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी त्या दचकतात. चार वाजता चहा आणि काहीतरी खायला द्या. शाळा सुटून वीस वर्षं झाली हे पटवायला जाऊ नका. "आज कुठला वर्ग आहे?" असं विचारा आणि हाताला काम द्या. आणि हे लक्षात ठेवा: गोंधळ एक-दोन दिवसांत एकदम वाढला तर तो आजार वाढला असं धरून बसू नका. लघवीची तपासणी करा. वयस्कर बायकांना लघवीचा संसर्ग झाला की ताप येण्याआधी डोक्यात गोंधळ होऊ शकतो. बद्धकोष्ठाने आणि पाणी कमी पडल्यानेही होतो.

उठवताना लुळा हात धरून ओढायचं नाही, कधीच नाही. खांदा निसटतो आणि मग ते दुखणं महिनोन्महिने जात नाही. कमरेला धरायचं. पलंगावर वर सरकवायचं असेल तर अंगाखाली चौघडी चादर कायम घालून ठेवा आणि चादर ओढा, माणूस नाही. भरवताना पाठ सरळ, घास लहान, आधीचा गिळला की पुढचा. जेवण झालं की उजव्या गालात बोट घालून बघा. लुळ्या बाजूच्या गालात घास तसाच राहतो, त्यांना कळत नाही आणि आडवं झाल्यावर ठसका लागतो. जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवा.

हे सगळं डिस्चार्जच्या दिवशी सांगायचं असतं. घाईत राहून जातं, आणि ते राहता कामा नये असं मला नोकरीत असूनही वाटतं.

मृण्मयी_स (बुधवार, रात्री ११:५५)

ताई, आत्ता गालात बघितलं. दुपारची पोळी होती.

आबा_कर्वेनगर (गुरुवार, सकाळी ९:३०)

मृण्मयीताई, मी ७१ वर्षांचा. मी ज्याला सांभाळतो तो माझा नातेवाईक नाही, मित्र आहे. चाळीस वर्षं एका कचेरीत शेजारच्या टेबलांवर बसलो. त्याची पत्नी गेली, मुलं परदेशी, आणि त्याला पार्किन्सन्स म्हणजे कंपवात झाला. रोज सकाळी आठ ते बारा मी त्याच्याकडे असतो. तुमच्या फॉर्मवर मावशीला रकाना नाही, तसा आमच्या मैत्रीलाही कुठल्याच फॉर्मवर नाही. दवाखान्यात "तुम्ही पेशंटचे कोण?" हा प्रश्न आला की अजूनही घसा दाटतो.

मला आधार मिळाला तो पार्किन्सन्स मित्रमंडळात. पुण्यातलाच स्वमदत गट आहे. सभा होतात, ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिनाचा मेळावा असतो. पहिल्या सभेला मी त्याची खुर्ची ढकलत गेलो आणि मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही शुभंकर का?" मला शब्द माहीत नव्हता. तिथे आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. तोपर्यंत मी 'त्याच्याबरोबर आलेला' होतो. त्या दिवशी मला नाव मिळालं, आणि माझ्यासाठीही एक खुर्ची मांडली.

तिथे शिकलेली एक गोष्ट सांगतो, म्हणजे अशा गटात काय मिळतं ते कळेल. पार्किन्सन्समध्ये चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. आमचा हा उंबऱ्यापाशी उभा राहायचा तो दहा-दहा मिनिटं. मी मागून हात लावायचो, तो पुढे पडायचा. गटातल्या एका शुभंकराने सांगितलं, जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवा आणि त्याला पट्टी ओलांडायला सांगा. दुकानातून पिवळी चिकटपट्टी आणली, पाऊल-पाऊल अंतरावर सहा पट्ट्या लावल्या. त्याने खाली बघितलं, पाय उचलला आणि पट्टीमागून पट्टी ओलांडत गॅलरीपर्यंत गेला. तिथे कठड्याला धरून माझ्याकडे वळला. तो चेहरा मी विसरणार नाही. तालावरही पाय सुटतो. ऋषीकेश पवार यांनी पुण्यात पार्किन्सन्सच्या मंडळींसाठी नृत्याचे वर्ग चालवले आहेत, त्यामागे हेच आहे.

तुमच्या मावशींचा आजार वेगळा, तेव्हा गटही वेगळा लागेल. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटीची पुण्यात शाखा आहे, तिथे चौकशी करा. विभागातल्या ज्येष्ठ नागरिक संघातही जा. त्यांच्याकडे सकाळचा वेळ मोकळा असलेली, धडधाकट पासष्टीची माणसं असतात आणि त्यांना कोणी काही मागतच नाही.

धनकवडीकर (गुरुवार, दुपारी १:०५)

आबा, शुभंकर हा शब्द आमच्याकडेही आहे. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया. डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'सा', धायरीला आहे. तिथल्या घरच्यांच्या गटाने मला वाचवलं असं म्हणेन. मानसिक आजारात शेजारपाजारही तुटतो, त्यामुळे दुसरा माणूस "हो, आमच्याकडेही दार लावून बसतो" म्हणाला की केवढं ओझं उतरतं. ज्यांच्या घरी दारूचं दुखणं आहे त्यांनी येरवड्याचं मुक्तांगण बघा, तिथे घरच्यांसाठीही गट चालतात.

दुसरी_बाजू (गुरुवार, रात्री १०:४०)

वकिली करते, कागदांपुरतं लिहिते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. यात काळजी घेणाऱ्याची व्याख्याच आहे: आई-वडील, घरचे किंवा इतर कोणीही, पैसे घेऊन किंवा न घेता. म्हणजे मावशीची भाची आणि आबांची मैत्री, दोन्ही त्यात बसतात. त्याच कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. उजवी बाजू गेली आहे तेव्हा मावशींना दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळू शकतं. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय.

प्राप्तिकरात मात्र मावशी पुन्हा बाहेर राहते. दिव्यांग अवलंबितासाठीच्या वजावटीत (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ८० डीडी) जोडीदार, मुलं, आई-वडील आणि भावंडं एवढीच नाती आहेत. हे मला चूक वाटतं. मावशींना पेन्शन असेल तर त्यांच्या स्वतःच्या विवरणपत्रात, जुन्या करप्रणालीत, त्याच कायद्याच्या कलम ८० यू खाली ७५ हजारांची आणि तीव्र दिव्यांगत्वाला सव्वा लाखाची वजावट आहे.

मुखत्यारपत्राबद्दल सगळ्यांचा गैरसमज आहे. देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की साधं मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे डिमेन्शियात ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी ते निरुपयोगी. त्यामुळे समज शाबूत आहे तोवर बँक खातं संयुक्त करा, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असं. वेळ निघून गेली असेल तर उच्च न्यायालयात पालक नेमण्यासाठी अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने असे पालक नेमलेले आहेत, पण वेळ आणि पैसा जातो.

शेवटचं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली मूल नसलेल्या ज्येष्ठांच्या निर्वाहाची जबाबदारी, त्यांची मालमत्ता ज्यांच्याकडे आहे किंवा पुढे जाणार आहे अशा नातेवाइकांवर येते. दाद प्रांताकडच्या न्यायाधिकरणात मागता येते.

पौडकर (शुक्रवार, सकाळी ७:५०)

माझ्या आईला कॅन्सर होता. गावाकडं ठेवली होती. शेवटच्या दोन महिन्यांत वारज्याला सिप्लाच्या पॅलिएटिव्ह सेंटरला आणली, तिथं पेशंटचा त्रास नि वेदना कमी करायचं बघतात. हायवेजवळ आहे, १९९७ पासनं चालू आहे. एक रुपया घेतला नाही. घरचा माणूस सोबत राहू शकतो. मला जखम धुवायला शिकवली, वेदनेचं औषध कसं द्यायचं ते शिकवलं. आणि एक बाई रोज मला इचारायच्या, तू जेवला का. तोवर दोन वर्षांत मला कुणी इचारलं नव्हतं.

रोहन_मोशी (शुक्रवार, दुपारी १२:१५)

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एकट्या बाईने नोकरी सांभाळून हे करणं शक्य नाही. पुण्यात आता डिमेन्शियासाठी खास केंद्रं आहेत. आम्ही बाबांना ठेवलं. महिन्याचा खर्च मोठा आहे, पण आता मी तिथे मुलगा म्हणून जाऊन बसतो. घरी होतो तेव्हा मी फक्त त्यांचा चौकीदार होतो.

स्वाती_ज (शुक्रवार, दुपारी १२:४०)

ज्या मावशीने वाढवलं तिला असं टाकून द्यायचं?

केतकी_र (शुक्रवार, दुपारी २:२०)

स्वाती, 'टाकणं' हा शब्द इथे नको. मी सासूबाईंना घरीच सांभाळलं आणि त्या सहा वर्षांत माझी पाठ, माझी नोकरी आणि माझ्या मुलीचं दहावीचं वर्ष गेलं. मला पश्चात्ताप नाही. पण रोहनने काही कमी प्रेम केलं असं मी म्हणणार नाही. बाहेरून बघणाऱ्याने यावर मत देण्याआधी एक आठवडा रात्रपाळी करावी.

मृण्मयी, काम सांगायला शीक. "काही लागलं तर सांग" असं शंभर लोक म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांना काय करायचं ते कळत नसतं. तू "गुरुवारी पाच ते सात माझ्याकडे येऊन बसाल का" म्हण. दिवस, वेळ, काम. आणि ते दोन तास किराण्यात घालवू नकोस.

स्वाती_ज (शुक्रवार, दुपारी ३:३०)

चुकलं माझं. शब्द मागे घेते.

निवांत_क्षण (शनिवार, सकाळी १०:१०)

किरकोळ पण उपयोगी: पलंग, व्हीलचेअर, कमोड खुर्ची विकत घेऊ नका. जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत, काही गणपती मंडळंही देतात. अनामत ठेवायची, नाममात्र भाडं. जिना उतरवायला हात असलेली मजबूत खुर्ची, कमरेला ओढणी बांधायची, माणसाचं तोंड उताराकडे, खुर्ची मागे कललेली, एक जण मागे, एक जण पुढे पायांशी. आमच्या मंडळाची पोरं एका फोनवर येतात. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेत नेऊ नका, पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला करून देतो, थोडं शुल्क असतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. आणि सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न घालता सरकारी आरोग्यविम्याचं आयुष्मान कार्ड मिळतं, ते काढलंय का? २०२४ च्या ऑक्टोबरपासून आहे.

मृण्मयी_स (सात आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:२५)

सगळ्यांना एकदम उत्तर देते आहे, उशिराबद्दल माफ करा.

डॉक्टरांना वळ दाखवले आणि खरं सांगितलं. बोलताना रडले. त्यांनी मावशीचं औषध बदललं नाही, मला मात्र समुपदेशकांकडे पाठवलं. दोनदा जाऊन आले, पुढेही जाणार आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज भरला आहे. मंडळाच्या पोरांनी खुर्चीतून उतरवून तिला तपासणीला नेलं. सात महिन्यांनी ती सोसायटीच्या फाटकाबाहेर आली. कडुनिंबाखाली थांबायला लावलं तिने आम्हाला.

संयुक्त खात्याचं जमलं नाही, उशीर झाला. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ज्यांच्या घरी आत्ता नुसतं विसरणं सुरू झालंय, त्यांनी या आठवड्यात बँकेत जा.

दादाला मी तीन वर्षं "जरा लक्ष दे" म्हणत होते. या वेळी केतकीताईंनी सांगितलं तसं लिहून पाठवलं: औषधं मागवणं, दिवसभराच्या बाईंचे १८ हजार आणि दर तीन महिन्यांनी चार दिवस इथे. कायद्याचं काही लिहिलं नाही, त्याच्याशी मला भांडायचं नाही. तो आला. तिसऱ्या दिवशी साडेपाचला तो दार ओढून जिन्यात जाऊन उभा राहिला. मी काही बोलले नाही, पाण्याचा तांब्या नेऊन दिला. जाताना पुढच्या फेरीची तिकिटं काढूनच गेला.

संघातल्या एक काकू गुरुवारी पाच ते सात येतात. पहिल्या गुरुवारी मला कुठे जायचं ते सुचेना, म्हणून सारसबागेत जाऊन बाकावर बसले आणि झोप लागली. बागेतल्या रखवालदाराने उठवलं.

आणि वॉर्डातल्या ताईंसाठी. हाताला काम द्या म्हणालात ना. खालच्या मजल्यावरच्या पाचवीतल्या मुलाच्या जुन्या गणिताच्या वह्या मागून आणल्या. साडेचारला दिवे लावते, चहा देते आणि वही नि लाल पेन समोर ठेवते. ती डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या खुणा करत तपासते. परवा एका बेरजेवर पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग म्हणाली, "हातचा विसरलाय. बोलव त्याला." मी बेरीज केली, खरंच हातचा विसरला होता. त्या दिवशी सकाळी तिला माझं नाव आठवलं नव्हतं. मुलाला वर बोलावलं, त्याने तिच्यासमोर उभं राहून गणित पुन्हा सोडवलं, आणि तिने त्याला बरोबरची खूण दिली. पिशवी अजून रोज दाराशी असते. काही दिवस पाच वाजून जातात, ती उचलत नाही. काही दिवस उचलते.

वॉर्डातली_ताई (रविवार, रात्री १०:०५)

ती वही जपून ठेवा हो.

आबा_कर्वेनगर (सोमवार, सकाळी ८:४०)

आमचा मित्र गेल्या आठवड्यात पडला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. "पेशंटचे कोण?" विचारलं तेव्हा मी "शुभंकर" म्हणालो. त्या मुलीने मान वर करून बघितलं आणि तोच शब्द लिहून घेतला.

नवीन_आहे_इथे (सोमवार, रात्री ११:१५)

धागा पूर्ण वाचला. परवा बाबांना घरी सोडलंय, झटकाच आहे. आई हृदयरोगी आहे, मी एकटा. आज दिवसभर नुसता फाइल हातात घेऊन बसलोय. सुरुवात कुठून करू?

मृण्मयी_स (सोमवार, रात्री ११:२२)

फाइल बाजूला ठेवा, ती उद्या बघू. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवा. मावशी नऊला झोपते, त्यानंतर मी मोकळी असते, मीच फोन करते. तोवर एवढं करा: बाबांचं डोकं उशीने थोडं उंच ठेवा, लुळ्या हाताखालीही उशी द्या, तो लोंबकळू देऊ नका, आणि तोंडात रात्रीचा घास राहिलाय का ते बघा. बाबांची कुठली बाजू गेली आहे?